नाहीची यादी

गंजलेल्या पलंगाचा एक पाय दाराच्या चौकटीत अडकला, तेव्हा मावशींनी त्याला सरळ लाथ घातली.

"अहो जपून!" सिस्टर म्हणाल्या. "मोडला तर दाखवायचं काय?"

"मोडला तर बरंच की. अजून गरीब दिसू."

दोघींनी मिळून तो पलंग बाळंतिणींच्या खोलीत ओढत आणला आणि खिडकीखाली, आत शिरताच नजरेत भरेल असा लावला. खरं तर या पलंगावर कित्येक वर्षांत कुणी झोपलं नव्हतं. तो मागच्या कोठीत प्लास्टिक घालून ठेवलेला असे आणि राजधानीतून समिती यायची असली की बाहेर निघे. पहिल्यांदा तो बाहेर काढला तेव्हा केंद्र सरकारकडून पाण्याची टाकी मिळाली, दुसऱ्यांदा नवं छप्पर, तिसऱ्यांदा गाडी. मावशी त्याला कमावता पलंग म्हणत. चाळीस वर्षं झाडू मारणाऱ्या बाईला कुणाचं काय चाललंय हे कुणी समजावून सांगावं लागत नाही.

जुनं बाहेर आलं की नवं आत जायचं. दवाखाना दोन खोल्यांचा आणि एका व्हरांड्याचा, पण सिस्टर इथे आल्यापासून अकरा वर्षांत त्याची कळा पालटली होती. प्रसूतीचं टेबल गवंडी मंडळींनी दिलं होतं. वीज गेली की दिवे चालू ठेवणारा इन्व्हर्टर दूधवाल्यांचा. आणि नवजात बाळांना ऊब देणारा वॉर्मर मागावर काम करणाऱ्या बायकांनी आणला होता, दर आठवड्याच्या मजुरीतून थोडं थोडं बाजूला टाकून, दोन वर्षं. देणाऱ्यांची नावं प्रत्येक वस्तूवर लाल ऑइलपेंटने लिहिली होती. ती पुसायची तरी कशी? म्हणून वस्तूच कोठीत.

टेबल गेलं, इन्व्हर्टर गेला. वॉर्मरपाशी सिस्टर थांबल्या.

त्यात बाळ होतं. चार दिवसांची मुलगी, वजन पावणेदोनाचं दोन किलो व्हायला अजून बरंच खायचं होतं, पण जिवट. तिची आई शेजारच्या खाटेवर भिंतीला टेकून बसली होती. बाळंतपणात तिचं रक्त फार गेलं होतं, ओठ अजून पांढरे होते.

"काय झालं सिस्टर?" जिल्ह्याचे साहेब दारात येऊन उभे राहिले. हातात फाइल, अंगावर स्वेटर. "अकराला येतायत ते. आवरा लवकर."

"साहेब, यात बाळ आहे."

"दोन तासांचा तर प्रश्न. आईच्या छातीशी ठेवा. तुम्हीच नाही का शिकवत सगळ्यांना, आईच्या अंगासारखी ऊब नाही म्हणून?"

शिकवत होत्या, अगदी भिंतीवर चित्र लावून शिकवत होत्या.  त्यांनी बाळाला टोपी, मोजे घातले, आईच्या छातीशी उघड्या अंगाने बांधलं, वरून दोन ब्लँकेटं पांघरली. आईचा हात त्यांच्या हाताला लागला, तो थंडच होता. मग वॉर्मर कोठीत गेला, त्यावर चादर पडली, आणि कुलपाची किल्ली सिस्टरांच्या कमरेला.

साहेब तसे वाईट नव्हते. उलट या जिल्ह्यासाठी इतकं खेचून आणणारा दुसरा अधिकारी झाला नाही असं सगळेच म्हणत, आणि ते खोटं नव्हतं. इथलं राज्य सरकार कर घेणार नाही असं सांगून निवडून आलं होतं आणि त्याच एका वाक्यावर पुन्हा पुन्हा निवडून येत होतं. लोक खूश. सिस्टरांचा पगार, औषधं, अगदी व्हरांड्यातली ट्यूबलाइटसुद्धा केंद्राच्या पैशातून यायची. डोंगरापलीकडे दुसरं राज्य. तिथे साबणापासून स्कूटरपर्यंत प्रत्येक गोष्टीवर दवाखान्याचा म्हणून वेगळा कर. तिथली माणसं आपल्या सरकारला शिव्या घालत दर रविवारी इकडे खरेदीला यायची.

"त्यांची माणसं इकडे फ्रीज घ्यायला येतात," मावशी म्हणायच्या, "आणि आपल्या बाया तिकडे बाळंत व्हायला जातात. फिट्टंफाट."

कारण ऑपरेशनची खोली होती ती तिकडे, अडीच तासांच्या रस्त्यावर, आणि बाहेरच्या राज्यातल्या बाईचा नंबर तिथे शेवटी लागे. गेल्या वर्षी एक बाई तिथवर पोचलीच नाही. सिस्टर गाडीत तिच्याजवळ होत्या. घाटातल्या तिसऱ्या वळणावर तिने सिस्टरांचा हात सोडला. त्यानंतर किती दिवस सिस्टरांना घास गोड लागला नाही. आज समिती येणार होती ती याच दवाखान्याला ऑपरेशनची खोली आणि तिच्यासाठी एक डॉक्टर द्यायचा की नाही हे ठरवायला. म्हणून काल साहेबांनी दवाखान्यातल्या सामानाची यादी पुढे केली तेव्हा सिस्टरांनी मुकाट्याने बावीस वस्तूंपुढे बावीस वेळा 'नाही' लिहिलं होतं आणि खाली सही केली होती. शेजारी साहेबांची सही.

"नसलेलं दाखवलं की मिळतं," साहेब म्हणाले होते. "त्या शेजारच्या गावाने समिती यायच्या आधी भिंती रंगवून घेतल्या. बसलेत आता रंग बघत."

अकराचे बारा झाले, बाराचा एक. साहेब फाटकापर्यंत जाऊन परत येत होते. सिस्टरांनी दोनदा बाळाला पाहिलं. पहिल्यांदा ते चोखत होतं, दुसऱ्यांदा झोपलं होतं.

दीड वाजता दोन गाड्या आल्या. एकीतून उतरल्या त्या मॅडम पन्नाशीच्या, साध्या चपला, गळ्यात दोरीला अडकवलेला चष्मा. त्यांनी गळकं नळकोंडाळं पाहिलं, पोपडे धरलेली भिंत पाहिली आणि पुढे चालत राहिल्या. बाळंतिणींच्या खोलीत आल्या आणि मांडलेल्या खुर्च्या सोडून सरळ त्या कमावत्या पलंगावरच बसल्या. पलंग करकरला. मावशींनी पदर तोंडाला लावला.

"बसा ना तुम्हीही," मॅडम म्हणाल्या. "साहेब, यादी वाचली तुमची. बावीस वस्तू आणि सगळीकडे नाहीच?"

"काय करणार मॅडम, फार मागास भाग आहे," साहेब म्हणाले. "परिस्थितीच अशी."

"हं. तुमच्यापर्यंत नवं पत्रक आलेलं दिसत नाही." त्यांनी पिशवीतून एक कागद काढला. "या वर्षापासून नियम बदललाय. जो स्वतःचा वाटा उचलेल त्यालाच केंद्र उरलेलं देईल. पलीकडच्या राज्याने आपला दवाखान्याचा कर दाखवला, त्यांच्या तीन खोल्या मंजूर झाल्यासुद्धा. तुमचं राज्य कर घेत नाही. तो तुमच्या सरकारचा प्रश्न, त्यात मी पडत नाही. पण लोकांनी जर स्वतः काही उभं केलं असेल, तर तो वाटा धरायची मुभा मला आहे. काहीतरी असेलच ना? खुर्ची, पंखा, काहीही."

 साहेबांचा चेहरा उतरला. फाइल त्यांनी या हातातून त्या हातात घेतली. सिस्टरांना त्यांची नजर आपल्याकडे वळलेली जाणवली, आणि त्या नजरेत काय होतं तेही कळलं. काल दोघांनी सही करून दिलेली यादी मॅडमच्या मांडीवर होती. आता 'आहे' म्हणायचं म्हणजे काल खोटं लिहिलं म्हणायचं. सिस्टरांच्या निवृत्तीला तीन वर्षं होती. घरी नवरा अंथरुणाला खिळलेला, पेन्शनवर सगळी भिस्त.

"लोक फार गरीब आहेत हो," साहेब म्हणाले.

"सिस्टर?"

सिस्टरांनी मान खाली घातली. किल्ली कमरेला टोचत होती. पण जीभ रेटेना.

मॅडमनी वाट पाहिली. बरीच पाहिली. मग चष्मा डोळ्यांवर चढवला आणि पेनाचं टोपण काढलं.

"सिस्टर," खाटेवरची आई हळूच म्हणाली, "हिचे पाय गार लागतायत."

सिस्टर उठल्या. ब्लँकेटात हात घालून त्यांनी बाळाचं पाऊल धरलं. मोजा काढला. तळवा निळसर. काखेत थर्मामीटर धरला, मनात आकडे मोजत उभ्या राहिल्या. साडेछत्तीस हवं तिथे पस्तीस. बाळाच्या गालाला बोट लावलं तर ते तोंड वळवीना.

"आईच गार पडलीय," त्या स्वतःशीच पुटपुटल्या. "ती कुठून देणार ऊब? मला कळायला नको होतं?"

पुढचं त्यांनी ठरवून केलं असं म्हणता येणार नाही. त्यांनी बाळ सोडवून घेतलं, आपल्या स्वेटरच्या आत, छातीशी घेतलं आणि एका हाताने कमरेची किल्ली काढून मावशींच्या अंगावर फेकली.

"मावशी, वॉर्मर. पळा!"

"पण सिस्टर..." साहेब अर्धवट उठले.

"साहेब, एकतर बाजूला व्हा, नाहीतर हात लावा!"

अकरा वर्षांत सिस्टर कधी साहेबांवर ओरडल्या नव्हत्या. साहेब बाजूला झाले. कोठीचं दार उघडलं, चादर खाली पडली, वॉर्मरची चाकं खडखडत व्हरांड्यातून आत आली. मागोमाग मावशी इन्व्हर्टरची वायर ओढत आल्या, कारण दिवसा दोन वाजता इथली वीज हमखास जायची आणि हे त्यांना पाठ होतं. प्लग लावला. वरची नळी लाल व्हायला लागली. गादी तापेपर्यंत सिस्टर बाळाची पाठ चोळत उभ्या होत्या, आणि त्यांच्याकडे पाहायचं धाडस कुणाला होत नव्हतं.

मॅडम मात्र उठून वॉर्मरच्या बाजूला गेल्या होत्या. लाल अक्षरं त्यांनी वाकून वाचली.

"मागावरच्या बायका म्हणजे कोण?"

"माझी सासू आहे त्यात," खाटेवरची आई म्हणाली. "आणि मीपण. लग्नाआधीपासून देत होते."

मॅडम कोठीच्या दारापर्यंत गेल्या. टेबल, स्टँड, ऑक्सिजनचं यंत्र, दोन कपाटं, सगळं एकमेकांवर रचलेलं त्यांनी पाहिलं. परत आल्या तेव्हा त्यांचा आवाज चढलेला नव्हता.

"हे आत का होतं, सिस्टर?"

"लपवायला."

"कशासाठी?"

"रडल्याशिवाय तुम्ही देत नाही म्हणून." सिस्टरांचा आवाज फाटला. "आजवर असंच मिळत आलं, मॅडम. जितकं वाईट दाखवू तितकं मिळे. चांगलं केलं की म्हणायचात, यांना काय गरज? मग आम्ही चांगलं करायचं आणि पाहुणे आले की झाकायचं. झाकता झाकता आज हे पोर..."

 गादी तापली होती. त्यांनी बाळ अलगद ठेवलं, पोटाला तापमानाची वायर चिकटवली. पडद्यावर आकडा आला, पस्तीस दोन. मॅडम गेल्या नाहीत. सगळे त्या आकड्याकडे पाहत उभे राहिले. पस्तीस पाच. बऱ्याच वेळाने पस्तीस नऊ. छत्तीसला बाळाने पाय झाडला आणि बारीक रडलं, आणि आईने तोंड भिंतीकडे फिरवून हुंदका दिला.

"रडली गं बया," मावशी म्हणाल्या. "रड, चांगली रड."

मॅडमनी मग पिशवीतून यादीचा कोरा नमुना काढला आणि कोपऱ्यातल्या लिहायच्या टेबलावर ठेवला.

"ही नवीन भरली, तर तुमच्या लोकांचा वाटा मी धरू शकते. खोली मिळेलच असं सांगत नाही. पण कालची यादी मला फाडता येणार नाही. दोन्ही सोबत जातील. काल एक लिहिलं, आज दुसरं, असं का झालं हे वरून विचारतील. तुम्हाला विचारतील. कळतंय ना मी काय म्हणते?"

"कळतंय."

सिस्टर खुर्ची ओढून बसल्या. पहिली ओळ, प्रसूतीचं टेबल. पेन टेकलं आणि हात सवयीने 'ना' लिहून मोकळा झाला. त्यांनी ते खोडलं, शेजारी 'आहे' लिहिलं. दुसऱ्या ओळीपाशी पुन्हा थांबल्या, मग सावकाश, पहिलीतल्या मुलासारखं एकेक अक्षर काढत खाली उतरल्या. बावीसपैकी चौदा ठिकाणी 'आहे' आलं. आठ ठिकाणी खरोखरच नव्हतं. ऑपरेशनची खोली त्या आठात होती. त्यांनी सही केली, तारीख घातली.

शेजारी दुसऱ्या सहीची जागा रिकामी होती.  सिस्टरांनी कागद फिरवला आणि पेन टेबलावर साहेबांच्या बाजूला ठेवलं.

साहेब खिडकीशी उभे होते. ते आले, वाकले, स्वेटरच्या बाहीने चष्मा पुसला.

"सही कुठे करायची?" त्यांनी विचारलं.

सिस्टरांनी बोट ठेवून जागा दाखवली.

साहेबांनी पेन उचललं. वॉर्मरमधलं बाळ रडत होतं. तीस वर्षं अशाच कागदांवर सह्या केलेल्या त्या माणसाने पुन्हा एकदा विचारलं, "कुठे म्हणालात?"