गालाची भर

नणंदेचा गाल भरला तर वहिनीचा फायदा काय, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. वहिनी प्लास्टिक सर्जन, अंगानं चांगली भरलेली. नणंद तिच्याहून मोठी आणि इतकी सडपातळ की घरात तिला सगळे काडी म्हणत. ते ऐकून ती खूश व्हायची. लग्न झाल्यापासून वहिनीनं दुसऱ्यांदा वाढून घेतलं की "वहिनी, जरा बेतानं" हा काडीचा टोमणा ठरलेला. आज तीच काडी ऑपरेशनच्या टेबलावर होती. काम नीट झालं की टोमणे बंद, एवढा नफा वहिनीनं मनाशी धरला होता.

काडीचा डाव मोठा होता. ती टीव्हीवर बातम्या वाचायची. गालातली गाठ काढल्यावर डावीकडे खळगा पडला, आणि तिला पडद्यामागे दुसऱ्यांच्या बातम्या लिहायला बसवलं. गाल भरला तर खुर्ची परत मिळणार होती.

"तुझीच घे की चरबी. तुझ्याकडे गोदाम आहे," काडी पडल्यापडल्या म्हणाली. बधिर केले होते गुडघे आणि गाल. जीभ मोकळी होती.

"दुसऱ्याची चरबी अंग ठेवून घेत नाही, ताई. स्वतःचीच लागते."

"मग माझ्याकडे कुठून येणार?"

गुडघ्यांच्या आतल्या बाजूनं बारीक नळीनं जेवढी निघाली तेवढी वहिनीनं ओढून घेतली होती. स्टँडमध्ये उभ्या ठेवलेल्या सिरिंजांत थर लागले: तळाशी लालसर पाणी, वर सोनेरी तेल, मध्ये पिवळीधमक चरबी. वहिनीनं पाणी खालून सोडून दिलं आणि तेल गॉजच्या पट्टीनं टिपून घेतलं.

"अगं, फेकतेस काय? आधीच कमी! तेही भर गालात."

"ते फुटलेल्या पेशींचं तेल आहे. आज आरशात गाल गुबगुबीत दिसेल आणि मागून गाठी होतील. जगतं ते मधलंच, आणि त्यातलंही सगळं नाही."

मधलं भरलं नऊ मिली. थोडं जिरणार हे धरून खळग्याला पंधरा हवे होते. सिस्टरनं वहिनीकडे पाहिलं. वहिनी निवांत होती.

"कमी पडतंय, ताई. दुसरी जागा म्हणून पोटाची परवानगी घेतलेली आहेच."

"पोटावर काय मिळणार? पाठीला चिकटलंय."

सकाळी उभं करून खुणा करतानाही काडी हेच म्हणाली होती, तेही श्वास कोंडून. चिमटीत काय आलं ते वहिनीच्या बोटांना तेव्हाच कळलं होतं. पण गुडघ्यांवर भागलं असतं तर नणंदेची झाकली मूठ झाकलीच राहिली असती, म्हणून सुरुवात तिथून केली. आताही काडी पोट आत ओढूनच पडली होती.

"ताई, श्वास सोडा."

"सोडलाय की."

"वीस वर्षांचा सोडा."

सिस्टर छताकडे बघू लागली. काडीनं डोळे मिटले. खुर्ची डोळ्यांसमोर आली असावी. तिनं श्वास सोडला, आणि चादर हळूच वर आली, छोट्या उशीएवढी.

"हसू नकोस."

"हसत नाहीये. अंदाज घेतेय. भरपूर आहे."

पोट बधिर केलं. पुन्हा नळी, पुन्हा थर, पुन्हा टिपणं. मग वहिनीनं गालात चरबीच्या बारीक बारीक रेघा सोडल्या. एका जागी ढीग घातला तर आतल्या पेशींना रक्त पोचत नाही. खळगा बघता बघता वर आला.

"भावाला सांगशील," काडी पुटपुटली.

"इथलं या दाराबाहेर जात नाही. कुणाचंही असो."

काही महिन्यांनी काडी पडद्यावर परतली, दोन्ही गाल सारखे. त्या दिवशी सगळे एकत्र जेवायला बसले. वहिनीनं दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

"वहिनी, जरा बेतानं," काडी म्हणाली, ताठ बसून, पोट आत ओढून.

वहिनीचा नवरा खो खो हसला. वहिनीच्या जिभेवर उत्तर आलं, असं की काडी जन्मभर गप्प बसली असती. तिनं ते घासाबरोबर गिळलं.

म्हणजे गुडघ्यांनी नऊ दिले, पोटानं सहा, खुर्ची काडीची झाली. आणि घरातलं सगळ्यात भारी उत्तर गेलं ते वहिनीच्या पदरचं.