मनगटाशी थांबलेलं टिंब

कोपर

बहिणीने भावाच्या कोपराखाली बोटाच्या टोकाने हलकेच टकटक केलं, झोपलेल्या घराचं दार वाजवावं तसं.

"इथे?"

"मुंग्या आल्या. पार अंगठ्यापर्यंत."

तिने तिथे निळ्या पेनाने टिंब काढलं. खिडकीची काच लागून कोपराशी हात कापला, तेव्हापासून दादाचा अंगठा आणि शेजारची दोन बोटं बधिर होती. डॉक्टरांनी शिवलेली नस आता वरून खाली वाढत होती. टकटक केल्यावर जिथे मुंग्या येतील तिथवर ती पोचली, एवढं साधं गणित. पण त्याच्यासारख्या घड्याळजीला बधिर बोटं काय कामाची? बारीक स्क्रू चिमटीत आहे की घरंगळला, हेच त्याला कळत नव्हतं. त्याचं दुकान विकत घ्यायला एकजण तयार होता.

"टिंब चालत राहिलं तर दुकान ठेवतो," दादा म्हणाला. "थांबलं, तर देऊन टाकतो आणि तुझ्या डोक्यावर येऊन बसतो."

"लहानपणापासून तिथेच बसलायस."

बशी

प्रयोगशाळेत ती काचेच्या बशीत अशाच नसांच्या पेशी वाढवायची. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांतून धागे निघत, टोकाशी इवलासा पंजा उघडून पाण्याखाली चाचपडत जात. प्रत्येक पेशीच्या जनुकांत दोन्ही लिहिलेलं: वाढायचं कसं, आणि गाशा गुंडाळायचा कसा. कोणतं वाचायचं, ते दुरून ठरे. धाग्याला जिथे पोचायचं, तिथून एक प्रथिन झिरपत येई. ते मिळालं की पेशी तग धरी. नाही मिळालं, की मुकाट्याने आवरतं घेई.

काही धागे वाटेतच थांबत. मेले म्हणावं, तर पंजा उघडाच. कुणी हाक मारतंय का, ते कान देऊन ऐकत असल्यासारखे.

मग ती त्या प्रथिनाचा एक थेंब सोडायची.

मनगट

निळ्या टिंबांची रांग मनगटाशी येऊन थबकली होती. मागच्या महिन्यातही तिथेच, आजही तिथेच. संध्याकाळी दुकान घेणारा माणूस उत्तर मागायला येणार होता.

दुकानात भिंतभर घड्याळं आपापली वेळ सांगत होती. दादाने डोळे मिटून हात पुढे केला. मिटूनच सांगायचं, हा नियम तिचाच.

शेवटच्या टिंबावर टकटक.

"हं."

जरा पुढे. तो गप्प. पुन्हा. तो गप्पच.

तिचं बोट वर उचललं गेलं आणि हवेतच राहिलं.

"हो," तो म्हणाला. "इथे. आल्या मुंग्या."

बोट कातडीपासून वीतभर वर होतं. मिटलेल्या पापण्या थरथरत होत्या. तिने पेनाचं टोपण काढलं आणि मनगट ओलांडून, तळव्याच्या उंबऱ्यावर, जरा दाबूनच टिंब काढलं.

"बरोबर जागा?" डोळे न उघडता त्याने विचारलं.

"बरोबर."

तळवा

"नाही द्यायचं," दादाने सांगितलं, आणि तो माणूस निघून गेला.

मग दादाने त्याच हातात चिमटा घेतला. चिमटा सटकला, टेबलाच्या कडेवरून खाली पडला.

"पडला," ती म्हणाली.

"ऐकू आलं, बाईसाहेब. कान शाबूत आहेत माझे."

तो वाकला, त्याच हाताने चाचपडत चिमटा उचलला. तिने स्टूल जवळ ओढलं आणि टेबलाच्या कडेखाली आपला तळवा उघडून धरला.