उलट्या अंगाची गवळण

सासूबाईंची बोटं मिटेनाशी झाली आणि गाईंची धार काढायचं काम माझ्या गळ्यात पडलं. मी हार्लिंगेन बंदरातली, नावाड्याची लेक. गाय मला लांबूनच बरी. मी बसले की ती पाय झाडायची आणि बादली लवंडायची. सासूबाई मात्र एका शब्दाने बोलत नसत. उभ्या गावाला फैलावर घेणारी ही माझी सासू सित्स्के चुलीशी मुकाट बसून राहायची. घर आणि गोठा एकाच छपराखाली, मधे फक्त दार, पण ते तिने पुन्हा उघडलं नाही. पुढ्यातलं पाव-चीजही तसंच परत यायचं. शिव्या देणारी सासू परवडली, ही गप्प बसलेली मला बघवेना.

आईला बरं वाटावं म्हणून माझ्या नवऱ्याने, वीत्सने, चुलीमागच्या भिंतीसाठी निळ्या फरशांचं चित्र करवून आणलं. गाय आणि धार काढणारी गवळण. गवळणीचे गाल गुबगुबीत, एप्रन पांढराशुभ्र, लाकडी बुटांना शेणाचा ठिपकासुद्धा नाही. गाय तर चर्चला निघाल्यासारखी स्वच्छ.

फरशा बसवून वीत्स मागे सरला आणि त्याने कपाळावर हात मारला. गवळण गाईच्या डाव्या अंगाला बसली होती. आमच्याकडे शेंबडं पोरही उजव्या अंगाला बसतं. हे कारागीर सुईने टोचून भोकं पाडलेल्या कागदावरून कोळशाची पूड थापटून चित्र उतरवतात; कुणीतरी कागदच पालथा ठेवला असणार. भाजलेल्या फरशीवरचं चित्र पुसता थोडंच येतं? उखडून टाकतो, म्हणाला.

"राहू दे," सासूबाई म्हणाल्या. काठी टेकत भिंतीपाशी गेल्या आणि त्यांनी गवळणीला नखशिखांत न्याहाळलं.

"ही कुणाची सून? एवढी नटली, आणि बसली कुठे बघ. लाथ खाणार मेली." मग माझ्याकडे वळल्या. "आणि तू गं? तू कशी बसतेस?"

भीती वाटते म्हणून हातभर लांब बसते, असं मी खरं ते सांगून टाकलं.

"हातभर लांब? मग तुझ्यापेक्षा ही बरी. चल."

त्यांनी गोठ्याचं दार स्वतः ढकललं. मला गाईच्या उजव्या कुशीला कपाळ टेकायला लावलं, आणि माझ्या बोटांवर आपली न मिटणारी बोटं ठेवली.

"घाबरू नकोस. हात तुझे, अक्कल माझी."

धार बादलीत वाजायला लागली. मला मात्र काही दिसेना, डोळे भरून आले होते.

"रडतेस काय," सासूबाई म्हणाल्या, "अजून सहा गाई उभ्या आहेत."