मधल्याची हजेरी

सत्र सुरू होताना मुख्याध्यापकांनी फर्मान काढलं, की यंदा सगळे विषय एका धाग्यात ओवायचे. गणित वेगळं, भूगोल वेगळा, हे आता बंद. धागा कुठला, ते काही सांगितलं नाही. हुकूम सोडायला काय लागतं? बाकीच्यांनी झाडं घेतली, पक्षी घेतले. पाचवीच्या बाईंनी मात्र डोकं चालवलं. सगळ्या वर्गाची सरासरी काढायची आणि त्या मापाचा एक मुलगा बनवायचा, असं त्यांनी ठरवलं. पोरं हरखून गेली.

बाई हुशार, त्यात वादच नाही. अडचण एवढीच की त्यांची स्वतःची मुलगी त्याच वर्गात होती. उद्या कोणी बोट दाखवायला नको, म्हणून बाईंनी पहिल्याच दिवशी नियम घातला: शाळेत मी बाई, आई घरात. येण्याजाण्याच्या रस्त्यातही बाईच. पोर बिचारी दोन पावलं मागून चालायची. वर्गात बाई तिच्याकडे बघायच्या नाहीत, तिचा हात वर असला की नेमकं शेजारच्याला विचारायच्या. मुलं तिला गोगलगाय म्हणायची, तेव्हा बाई फळा पुसत राहायच्या. आणि घरी आलं की वह्यांचा ढीग तपासायचा, मग आई व्हायला वेळ उरतो कुठे? दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. बाई त्याला शिस्त म्हणायच्या.

गणिताच्या तासाला मोजमाप झालं. उंची, हात, पाऊल, डोक्याचा घेर. टेप धरायचं काम बाईंनी मुलीला दिलं, म्हणजे मापासाठी तिला पुढे बोलवायला नको. फळ्यावर बेरीज झाली, भागाकार झाला, आणि मग मुलगी हळूच म्हणाली, "बाई, मी राहिले."

फळा गच्च भरलेला. तो पुसून पुन्हा कोण मांडणार? बाई म्हणाल्या, "असू दे. एकाने काय फरक पडतो?"

खाकी कागदाचा मुलगा कापून झाला. ना उंच ना बुटका, ना जाडा ना बारीक, म्हणून पोरांनी त्याचं नाव ठेवलं मधल्या. विज्ञानात त्याला लाल कागदाचं हृदय मिळालं, फुग्यांची फुप्फुसं मिळाली, लोकरीची आतडी मिळाली. ती एवढी लांब निघाली की पोरं आपापली पोटं चाचपायला लागली. चेहरा मात्र राहिला. सरासरी नाक कसं काढायचं यावर इतकी भांडणं झाली की बाईंनी तो कोराच ठेवला आणि मधल्याला मागच्या भिंतीवर चिकटवून टाकलं.

भूगोलात त्याचं घर शोधलं. गावाच्या नकाशावर सगळ्यांनी आपापली घरं मांडली आणि सगळ्यांच्या मधोमध एक ठिपका दिला. ठिपका पडला तो बाईंच्या घरावर. वर्गाने टाळ्या वाजवल्या. बाईही हसल्या, पण नकाशा त्यांनी जरा लवकरच गुंडाळला.

मग मराठीत मधल्याचं मनोगत. एकेकाने एकेक वाक्य सांगायचं, बाई फळ्यावर लिहिणार. मला क्रिकेट आवडतं, मला गणिताची भीती वाटते, अशी नेहमीची वाक्यं चालली होती. मध्येच मागून कोणीतरी म्हणालं, "माझी आई सगळ्यांकडे बघते, फक्त माझ्याकडे बघत नाही."

बाईंचा खडू थांबला. त्यांनी वळून विचारलं, कोण बोललं? कोणीच कबूल होईना. आवाज मुलाचा की मुलीचा, तेही त्यांना सांगता येईना. वाक्य चांगलं होतं, म्हणून त्यांनी लिहून घेतलं. धन्य त्या बाई!

हजेरीत मधल्याचं नाव शेवटी असायचं आणि अख्खा वर्ग त्याच्या वतीने "हजर" म्हणून ओरडायचा. एकदा पोरं आपसात रुसलेली होती, कोणी तोंड उघडलं नाही. तरी "हजर" आलं. एकच आवाज, मागच्या भिंतीकडून. कोणाची तरी चावटपणाची हौस, असं बाईंनी मनाला सांगितलं. पण त्या दिवसापासून हजेरी घेताना त्या मान वर करेनाशा झाल्या.

पुढे तर मधल्याची पावलं भिंतीच्या तळाच्या पट्टीला टेकायला लागली. चित्रकलेचे सर म्हणाले, हवा दमट आहे, कागद ताणला जातो. एका आगाऊ पोराने गोगलगायीला धरून त्याच्या शेजारी उभं केलं. डोक्याला डोकं लागलं, खांद्याला खांदा. "बाई, हा हिच्याएवढा झालाय!" बाई म्हणाल्या, जागेवर बसा.

सत्राच्या शेवटी सहल निघाली, गावाबाहेरच्या पाणी शुद्ध करायच्या केंद्रावर. मधल्याला न्यायचंच, असा पोरांचा हट्ट. त्याची गुंडाळी करून त्याला नेलं. पोरांनी गाळण्याचे थर बघितले, टाक्या बघितल्या, कठड्यावरून खालच्या काळ्या पाण्यात डोकावून बघितलं. परतताना बाईंनी बसमध्ये डोकी मोजली. मागच्या खिडकीपाशी निळं जर्किन दिसलं, टोपी वर ओढलेली. मुलीचंच ते. बाईंनी सवयीप्रमाणे नजर न थांबवता तेही मोजलं. आकडा बरोबर आला. बस सुटली.

शाळेच्या फाटकावर आईबापांनी आपापली पोरं नेली. बाई घराकडे निघाल्या. मागून दोन पावलांवर जर्किनची सळसळ येत होती, रोजच्यासारखी. दार उघडून त्या तडक आतल्या स्वयंपाकघरात गेल्या, दूध तापायला ठेवलं. मागे दार लागल्याचा आवाज झाला, मग दारालगतच्या आतल्या बोळातल्या मोरीत नळ सुटला. हातपाय नीट धू, असं त्या आतूनच म्हणाल्या.

तेवढ्यात फोन वाजला. केंद्राचा वॉचमन बोलत होता. तुमच्या शाळेची एक मुलगी इथेच राहिलीय, म्हणाला. टाकीच्या कठड्यापाशी बसून होती. पोरीच्या अंगात जर्किनसुद्धा नाही. त्याला थंडी वाजत होती म्हणून त्याला घातलं म्हणते, आता हा कोण ते तिलाच ठाऊक.

बाईंच्या डोळ्यांपुढून अख्खा वर्ग सरकला. एकेकीचा चेहरा त्यांना लख्ख आठवला, कोण कुणाच्या हाताला धरून गेली तेही आठवलं. आपल्या मुलीचा चेहरा आणायला गेल्या आणि येईना. आज पोरीने केस कसे बांधले होते? माहीत नाही. चेहऱ्यावर काय होतं? माहीत नाही.

"कोणाची मुलगी आहे, विचारा तिला," त्या कशाबशा म्हणाल्या.

"विचारलं ना. बाईंची म्हणते. शाळेत लावलेला फोन कोणी उचलेना, मग हा नंबर तिनेच दिला."

मोरीतला नळ चालूच होता.

"तिच्याकडे द्या."

पलीकडून वारा ऐकू आला. मग तो बारीक आवाज, ओळखीचा, एवढा ओळखीचा की बाईंना रडू फुटलं. "बाई, मी राहिले."

"बाई नाही गं," त्या म्हणाल्या. "आई. आई बोलतेय. काकांजवळच बस, कठड्यापासून लांब. मी निघालेच."

नळ बंद झाला. ओल्या कागदाचा असावा तसा फदफद आवाज बोळातून आला आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी थांबला. दूध उतू जाऊन शेगडी विझली. बाई ओट्याला धरून तशाच उभ्या राहिल्या, दाराकडे पाठ करून.

"आई," मागून आवाज आला, अगदी लाडीगोडीचा, "आता तरी माझ्याकडे बघ ना."

घराबाहेर जायचं दार बोळाच्या टोकाला होतं. दुसरी वाट नव्हती. पोरगी तिकडे थंडीत बसली होती, आणि बाईंना वळावंच लागणार होतं.