रीसने स्वतः ठरवलं

डाउन सिंड्रोम असलेला बावीस वर्षांचा रीस देखभालगृहात मजेत राहत होता. त्याचा खर्च कोणी द्यायचा, यावरून मात्र त्याचं जुनं गाव आणि हे गाव, अशा दोन गावांच्या कौन्सिलांची, म्हणजे नगरपालिकांची, जुंपली होती. शेवटी देखभालगृहाने खोली रिकामी करायला सांगितलं, तेव्हा कुठे दोन्हीकडची माणसं चौकशीला आली.

जुन्या गावच्या कौन्सिलच्या हॉब्सबाईंनी विचारलं, "बाळा, हे घर कोणी निवडलं?"

"मीच," रीस छाती फुगवून म्हणाला. "माझं मी ठरवतो."

हे वाक्य त्याची आई ग्लेनिस हिने वर्षानुवर्षं त्याच्याकडून घोटून घेतलं होतं. तिचे डोळे भरून आले.

"शाब्बास," म्हणत हॉब्सबाईंनी फाईल मिटली. "स्वतःच्या मर्जीने आलाय, म्हणजे तो आता इथल्या कौन्सिलचा. आमचा संबंध संपला."

ग्लेनिसचा कप हातातच राहिला.

इथल्या कौन्सिलचे प्रिचर्डसाहेब पुढे सरकले. "असं बोलायला कोणी शिकवलं रे?"

"मम्मीने."

"झालं तर. ठरवलं आईने, हा नुसता बोलतोय; म्हणजे तो अजून जुन्याच गावाचा. आमचाही नाही."

"अहो, मग हा आहे कोणाचा?" ग्लेनिसने विचारलं.

दोघांनी एकमेकांकडे बोट दाखवलं आणि चहाचा घोट घेतला.

तेवढ्यात बशीत दोन तऱ्हांची बिस्किटं आली. रीसने दोन्ही नीट न्याहाळली, विचार केला आणि आल्याच्या बिस्किटाकडे हात नेला. त्याने स्वतः निवडलं की नाही हे टिपायला दोन्ही साहेबांच्या पेनांची टोपणं एकदम निघाली.

ग्लेनिसने डोक्यावरची टोपी काढून बशीवर झाकली.

"राहू दे राजा," ती म्हणाली. "आज काही निवडायचं नाही."