टिनावर वाळवलेले सेल

सोनाळ्याच्या बाजारात बॅटऱ्या दुरुस्त करणाऱ्या गुलनारबीनं एकच गोष्ट इतक्यांदा सांगितली होती, की तिच्या जिभेला घट्टे पडायचे तेवढे बाकी होते. हे बुटके सेल साधे नाहीत, बाबा. लिथियमचे आहेत. शहरातल्या दवाखान्याच्या मशीनसाठी आलेले, मशीन बदलली म्हणून कोरेच्या कोरे उरले. तिनं अख्खा खोका आणला, एकेक सेल मीटरवर तपासला, सारख्याला सारखा लावून दोन-दोनच्या जोडीवर निळी टेप चिकटवली. हातबॅटरीत जोडीनं घाला, संपले की जोडीनं परत आणा. नवा-जुना एकत्र करू नका, चार्ज करू नका, तापवू नका. एवढंच तर होतं. पण सांगता कोणाला? पालथ्या घड्यावर पाणी.

त्या दुपारी अन्नपूर्णाबाई वांगी विकून दुकानात टेकल्या आणि नवऱ्याच्या हुशारीचं कौतुक सांगत बसल्या. इंद्रभानभाऊंनी संपलेले सेल परत केलेच नव्हते. घराच्या छपरावरच्या टिनावर तीन दिवस उन्हात वाळवले, मग नव्या जोडीची टेप फाडून घरातल्या दोन्ही बॅटऱ्यांत एक नवा, एक वाळवलेला घातला. एका जोडीत दोन बॅटऱ्या पेटल्या, हे सांगताना बाईंचा चेहरा फुलला होता.

गुलनारच्या तळपायाची आग मस्तकात गेली. जुने जाडे सेल उन्हात वाळवायची खोड साऱ्या गावालाच, तिच्या अब्बांनीही वाळवले होते. पण लिथियमचं तसं नसतं. नवा सेल मेलेल्याला रेटत राहतो, मेलेला आतून तापत जातो आणि फुटतो. बॅटऱ्या कुठं आहेत, असं तिनं दातओठ खात विचारलं. एक ह्यांच्या खिशात, बाई म्हणाल्या, दुसरी सुनेकडे. सून प्रतीक्षा वावरातल्या पाण्याच्या मोटारीच्या खोलीत फ्यूज बांधायला गेली होती.

"फ्यूज बांधताना थे पोरगी बॅटरी कुठं धरते?"

"दातात. दोन्ही हात तर तारेत गुतलेले राह्यतात नं."

गुलनारनं फोन लावला. उचलायला हात मोकळे असते तर पोरीनं तोंडात बॅटरी कशाला धरली असती! दुकान तसंच उघडं टाकून तिनं स्कूटी काढली. वाटभर ती इंद्रभानला शिव्या घालत होती, आणि हे सेल गावात आणल्याबद्दल स्वतःलाही.

मेन स्विच पाडलेला, म्हणून खोलीत दिवसाही अंधार. प्रतीक्षा बोर्डासमोर उभी होती, बॅटरी दातात, डोळ्यांतून पाणी. ओठाला चटका बसत होता, पण तारेचे दोनच आटे राहिले होते. गुलनारनं बॅटरी हिसकली, बोटं भाजली तरी सोडली नाही, आणि समोरच्या पडीक वावरात भिरकावली. पोरीचा दंड धरून तिला बॅटरीतून निघणाऱ्या धुरापासून दूर ओढलं. आधी फुसफुस झाली, मग फट्कन आवाज. बॅटरीचं झाकण बाभळीच्या बुंध्यात जाऊन रुतलं.

आवाज ऐकून इंद्रभानभाऊ वांग्यातून धावत आले. माणसानं सुनेकडं पाहावं की नाही? यांनी आधी वावरात बॅटरी शोधली. चांगली वस्तू बाईनं फेकली म्हणाले, मालातच खोट असेल म्हणाले.

"माल नाही फुटला, भाऊ, तुमची अक्कल फुटली," गुलनार म्हणाली. "या पोरीचं तोंड गेलं असतं."

इंद्रभानभाऊंनी हात झटकला. चाळीस वर्षं सेल वाळवतो आहे, काही होत नाही, बायांनी उगाच बाऊ केला.

प्रतीक्षानं पदरानं तोंड पुसलं. ओठ लाल झाला होता. लग्नाला तीन वर्षं झाली, सासऱ्यासमोर तिचा आवाज कधी चढला नव्हता. आताही चढला नाही.

"मामाजी, तुमच्या खिशातली बॅटरी काढा," ती म्हणाली. "चालू करा, अन् दातात धरा. उरलेला फ्यूज तुम्ही बांधा."

इंद्रभानभाऊंचा हात खिशाकडे गेला. त्यांनी दोन बोटांच्या चिमटीत बॅटरी काढली, अंगापासून लांब धरली, वावराच्या धुऱ्यावर हळूच ठेवली आणि चार पावलं मागं सरले.

"माह्या तोंडात चालत होती," प्रतीक्षा म्हणाली.