फाइल मिटण्याआधीचा प्रश्न

मित्रांनो, मी एक जुना प्रश्न आहे. शेवगावात बसस्थानकामागे अश्विनीताईंचे टायपिंगचे दुकान आहे. तिथल्या संगणकात मी राहतो. काही लिहून तुम्ही फाइल बंद करू लागता, तेव्हा पडद्यावर एक छोटी चौकट येते ना? "बदल जपून ठेवायचे का?" तो मीच. माझ्याखाली तीन बटणे असतात : होय, नाही आणि रद्द.

माझे काम छोटे आहे, पण त्यात कसूर चालत नाही. फाइलमध्ये कुणी एक अक्षर घातले, खोडले, अगदी एक मोकळी जागा वाढवली, तरी मी लगेच खूण करून ठेवतो. फाइल सेव्ह केली की खूण पुसतो. बदल चांगला की वाईट, हे मी पाहत नाही. खूण असली की विचारतो, नसली की गप्प राहतो. इतक्या वर्षांत मी एकदाही विसरलेलो नाही. वीज अचानक जाऊन संगणकच बंद पडला, तर मात्र मला विचारायला वेळ मिळत नाही.

सुरुवातीला अश्विनीताई मला नीट वाचत. मग काम वाढले. लग्नपत्रिका, अर्ज, दशक्रियेची कार्डे! जुनी पत्रिका उघडायची, तिच्यावरच नवी नावे टाकून छापायची आणि बंद करताना मला 'नाही' म्हणायचे. म्हणजे जुनी पत्रिका पुढच्या गिऱ्हाइकासाठी तशीच राहते. पद्धत चांगली होती. पण हळूहळू बोट आपोआप 'नाही'वर जाऊ लागले. मला कुणी वाचेनासे झाले.

गेल्या उन्हाळ्यात एका दुपारी छबूबाई आल्या. त्यांच्या गावातले बुद्धविहार बांधताना बत्तीस बायांनी डोक्यावरून दगड वाहिले होते. त्यांतल्या आता त्या एकट्याच उरल्या होत्या. सगळ्यांची नावे त्यांना विहाराच्या फरशीवर कोरून घ्यायची होती. ताईंनी एक जुनी पत्रिका उघडली, तिच्यातला मजकूर काढला आणि नावे लिहायला घेतली.

"धोंड्याची आई," छबूबाई म्हणाल्या.

"आजी, तिचं स्वतःचं नाव सांगा."

"आमी धोंड्याची आईच म्हनायचो गं... थांब. कौतिक! कौतिकबाई. लई हसायची."

असे दोन तास चालले. बत्तिसावे नाव लिहून झाले आणि वीज गेली. बॅटरीवर संगणक तेवढा चालू राहिला, पण प्रिंटर बंद पडला. बॅटरीही टींटीं करू लागली.

"उद्या छापून देते, आजी," म्हणत ताई घाईने फाइल बंद करू लागल्या. मी विचारले. त्यांचे बोट 'नाही'कडे निघाले.

"पोरी, हे मधीच काय आलं गं?"

"काही नाही, रोजचंच आहे. नाही म्हणायचं असतं."

"पर इचारतंय काय त्ये?"

"हेच, की बदल जपून..." ताई थबकल्या. "अगं बाई! सगळी नावं गेली असती!"

"मग व्हय म्हन की! शिकल्याली हायेस न्हवं?"

"व्हय म्हटलं तर जुनी पत्रिका जाते हो."

"मग त्येला म्हनावं, जरा दम धर!"

मित्रांनो, असे म्हणायलाही माझ्याकडे बटण आहे. वर्षानुवर्षे कुणी न दाबलेले, तिसरे. ताईंनी 'रद्द' दाबले. मी बाजूला झालो आणि फाइल उघडीच राहिली. त्यांनी तिला 'विहाराच्या बाया' असे नवे नाव देऊन सेव्ह केले; जुनी पत्रिका होती तशीच राहिली. मी खूण पुसली, आणि पडदा काळा झाला.

दुसऱ्या दिवशी कागद छापून निघाला. छबूबाईंनी तो पदराखाली धरला आणि त्या थेट फरशीवाल्याकडे गेल्या.

मित्रांनो, विचारायचे काम मी चोख करतो. वाचायचे काम तुमचे. लिहिता लिहिता अधूनमधून सेव्ह करत जा. जुन्या फाइलवर नवे लिहिणार असाल, तर आधी ती नव्या नावाने सेव्ह करा. आणि उत्तर ठाऊक नसेल, तर खुशाल 'रद्द' दाबा. मला राग येत नाही. मी पुन्हा विचारीन.